तोंड वर करून

१८६० च्या भारतीय दंडसंहितेत ३७४ क्रमांकाचे एक कलम होते. एखाद्याच्या मर्जीविरुद्ध त्याच्याकडून बेकायदेशीरपणे काम करवून घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यात सांगितली होती. हे कलम साऱ्या ठाणे जिल्ह्याला लागू होते, तेव्हा डहाणू आणि उंबरगाव हे तालुके त्यातून सुटलेले नव्हते. (१९६० च्या राज्यविभाजनात उंबरगाव गुजरातेत गेला, त्याचा महाराष्ट्रात राहिलेला भाग तलासरी तालुका झाला आणि १ ऑगस्ट २०१४ पासून डहाणू व तलासरी दोन्ही पालघर जिल्ह्यात आहेत.) तरीही १९४५ पर्यंत, म्हणजे सुमारे ८५ वर्षे, या टापूतला वारली जमीनदाराच्या शेतात, खळ्यावर, घरी आणि जंगलात वेठीने राबत राहिला. कायदा होता आणि गुन्हा रोज घडत होता. मामलेदार होता, फौजदार होता, किनाऱ्याजवळून आगगाडी जात होती. नव्हता तो फक्त फिर्यादी. राबणाऱ्यांपैकी कुणी कचेरीची पायरी चढून ‘माझ्याकडून फुकट काम करून घेतात’ एवढे एक वाक्य उच्चारायला हवे होते. ते का उच्चारले गेले नाही, हा या भागाच्या इतिहासातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रश्न आहे.

त्याचे नेहमीचे उत्तर अज्ञान. वारली निरक्षर होता, जंगलात राहणारा होता, भोळा होता, त्याला आपला हक्क ठाऊक नव्हता. या उत्तरात दया आहे, पण ते पुराव्याला टिकत नाही. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या आयसीएस अधिकाऱ्याकडून इलाख्यातल्या आदिवासींच्या स्थितीची चौकशी करवली. त्याच्या अहवालात वेठ आली, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी होणारी गुलामी आली, जमीनदारांनी कुळांच्या बायकांवर केलेले अत्याचार आले. हे सारे सिमिंग्टनला झाडांनी सांगितलेले नव्हते. लग्नाला दोनपाचशे नव्हे, अगदी थोडे रुपये घ्यायचे आणि त्यापायी नवराबायको दोघांनी सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबायचे, फिटले किती नि उरले किती हे सावकाराने कधीच कळू द्यायचे नाही. अशा माणसाला ‘लग्नगडी’ असे नाव होते. ज्या अन्यायाला राबणाऱ्यांच्या बोलीत स्वतंत्र नाव पडते तो अन्याय त्यांना कळलेला नसतो, असे कसे म्हणावे? वारल्यांना सगळे माहीत होते. आपसात ते बोलतही होते. लग्नात धवलेरी रात्रभर गात होती, भगत देवाशी भांडत होता, पाड्यावर वाद आणि निवाडे होत होते. मुक्या माणसांचा तो समाज मुळीच नव्हता. जीभ अडत होती ती एका विशिष्ट ठिकाणी: मालकासमोर, आणि मालकाचा मित्र असलेल्या अंमलदारासमोर.

या अडण्याचे आणि ते सुटण्याचे नेमके स्वरूप सांगायला मला एका ग्रीक शब्दाची मदत घ्यावीशी वाटते. शब्द आहे ‘पारेसिया’. ख्रिस्ती लोकांच्या नव्या करारात तो ३१ वेळा येतो. मराठी बायबल वाचणाऱ्याला तो कुठे ‘धैर्य’ म्हणून भेटतो, कुठे ‘उघडपणे’ म्हणून. दोन्ही बरोबर आहेत, पण दोन्ही मिळूनही त्याचा एक अंश बाहेर राहतो. ‘धैर्य’ म्हटले की ते मनातले होते. ‘उघडपणे’ म्हटले की बोलण्याची रीत होते. मुळात पारेसिया हा ना स्वभाव ना रीत. तो दर्जा आहे. ‘सगळे’ आणि ‘बोलणे’ या अर्थांचे दोन शब्द जोडून तो झाला आणि ख्रिस्तापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये तो नागरिकाच्या हक्काचे नाव म्हणून चालला. युरिपिडीसच्या एका नाटकात हद्दपार झालेला राजपुत्र आईला भेटतो. परागंदा माणसाचे सर्वांत मोठे दुःख कोणते असे ती विचारते, तेव्हा तो पारेसिया गमावण्याचे दुःख सांगतो, आणि मनातले बोलता न येणे हे गुलामाचे जिणे आहे असे ती त्यावर म्हणते. दुसऱ्या नाटकात आयन नावाचा तरुण आपली न सापडलेली आई अथेन्सची निघो अशी इच्छा करतो, कारण आईकडूनच त्याला तिथे बोलण्याचा हक्क मिळायचा असतो. शूर असणे त्याला पुरत नाही. परक्याने कितीही शौर्य दाखवले तरी त्या नगरात त्याचे तोंड बांधलेलेच. याचा अर्थ असा की ज्याच्यावर मालक नाही त्यालाच पारेसिया आहे. अथेन्समध्ये ती स्त्रियांना नव्हती, गुलामांना नव्हती, बाहेरून येऊन वसलेल्यांना नव्हती. अथेन्सचे गुणगान गाताना हे सहसा सोडून दिले जाते.

आणि ज्यांना ती होती त्यांच्यातल्या वरच्या लोकांना खालच्यांची पारेसिया आवडत होती असेही नाही. प्लेटोने लोकशाही नगराची थट्टा करताना ‘तिथे ज्याला जे वाटेल ते तो बोलतो’ याच गोष्टीवर बोट ठेवले आहे. मराठीला हे समजावून सांगायला नको. ‘तोंड वर करून बोलणे’ हा आपला वाक्प्रचार पाहा. शरीराची ती अगदी साधी, माणसासारखी ठेवण आहे: समोरच्याकडे पाहून बोलणे. पण भाषेने तिला उर्मटपणाचा शिक्का मारला, कारण हा वाक्प्रचार घडवणारा माणूस वर बसलेला होता. खाली मान घालून उभ्या असलेल्याने त्याच कृतीला काय नाव दिले असते, ते कोशात आले नाही.

ग्रीक शब्दाच्या प्रवासातले सर्वांत आश्चर्यकारक वळण मात्र अथेन्समध्ये नाही, अलेक्झांड्रियात आहे. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात तिथल्या यहुदी पंडितांनी आपले हिब्रू धर्मशास्त्र ग्रीकमध्ये आणायला घेतले. लेवीय पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात देव इस्राएल लोकांना मिसरच्या दास्याची आठवण देतो आणि सांगतो की तुमच्या मानेवरचे जू मी मोडले नि तुम्हाला ताठ चालवले. हिब्रू शब्द शरीराचा आहे: कणा सरळ, मान उभी. ग्रीक करणाऱ्याने तिथे ‘ताठ’ला ग्रीक प्रतिशब्द न शोधता ‘पारेसियासह’ असे लिहिले. जोखड उतरल्यावर माणूस ज्या तऱ्हेने चालतो ती आणि नागरिक ज्या हक्काने बोलतो तो, या दोन्ही मिळून एकच गोष्ट आहे असे त्या अनामिक भाषांतरकाराला वाटले. माझ्या मते शब्दाचा इतिहास इथे उलटा झाला. अथेन्समध्ये पारेसिया जन्माने मिळत होती आणि गुलामाला ती नव्हती. इथे ती नेमकी गुलामांनाच मिळते, आणि मिळते ती वेठ सुटल्यामुळे. डहाणूचा इतिहास वाचताना मला हा अध्याय वारंवार आठवतो तो धर्मामुळे नव्हे. जू, वेठ, मान आणि बोलणे यांचा परस्परसंबंध इतक्या नेमकेपणाने दुसरीकडे कुठे मांडलेला मी पाहिलेला नाही म्हणून.

नव्या करारात हाच अर्थ पुढे चालतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान यांना यरुशलेमच्या धर्मसभेसमोर उभे केले जाते. आदल्या दिवशी मंदिराच्या दाराशी एका जन्मतः पांगळ्याला त्यांनी उभे केलेले असते. सभेत हन्ना आहे, कयफा आहे, महायाजकांचे घराणे आहे. समोर दोन कोळी. न्यायाधीशांना नवल वाटते ते त्यांच्या म्हणण्याचे नव्हे, बोलण्याच्या पारेसियाचे, कारण ही माणसे निरक्षर आणि ‘इदियोताय’ आहेत. हा दुसरा शब्द शिवी नाही. त्याचा अर्थ हुद्दा नसलेला, सार्वजनिक कामात ज्याला विचारत नाहीत असा खाजगी माणूस. म्हणजे सभेपुढचा पेच असा: ज्याला दर्जा नाही तो दर्जा असल्यासारखा बोलतो आहे. याचे स्पष्टीकरण ते शोधतात आणि ते त्यांना सापडते. ही माणसे येशूच्या बरोबरची होती. बोलण्याचे बळ शाळेतून आले नाही, जन्मातून आले नाही, सोबतीतून आले. पुढे दोघे सुटून आपल्या लोकांत येतात तेव्हा सगळी मंडळी मिळून प्रार्थना करते, आणि त्या प्रार्थनेत ‘आम्हाला वाचव’ असे म्हटलेले नाही. धमक्या तर आल्याच आहेत, आता बोलण्याची पारेसिया दे, एवढेच मागितलेले आहे.

७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला महाराष्ट्र किसान सभेचे अधिवेशन भरले. उंबरगाव तालुक्यातून काही वारली तिथे आले होते. त्यांच्यापैकी माह्या धांगडा मंचावर गेला आणि आपल्या लोकांच्या वेठीबद्दल बोलला. महाराष्ट्रभरातून आलेल्या शेतकऱ्यांपुढे, ज्यांच्यात बरेच स्वतःची जमीन असलेले होते, एक वेठबिगार उभा राहून ‘आमच्याकडून हे करून घेतात’ म्हणून सांगत होता. ८५ वर्षे जे वाक्य कचेरीत उच्चारले गेले नव्हते ते इथे उच्चारले गेले. ऐकणाऱ्यांत किसान सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर हे पतिपत्नी होते. त्यानंतर गोदावरीबाई त्या भागात गेल्या, पाड्यापाड्यांतून हिंडल्या आणि २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारल्यांची परिषद भरली. सुमारे पाच हजार माणसे जमली. इथले ठराव तपासण्यासारखे आहेत. मजुरी रोजाला १२ आणे घ्यायची हा एक ठराव होताच, पण त्याआधीचा ठराव वेठीला जायचे नाही हा होता. मार खायचा नाही, लग्नगड्यांनी मालकाच्या घरून निघून यायचे, हे त्याला लागून आले. आर्थिक इतिहास लिहिणारे यातला मजुरीचा भाग ठळक करतात आणि पुढे ऑक्टोबरात झालेल्या गवतकापणीच्या संपाकडे वळतात, कारण तिथे मोजता येणारा आकडा आहे: ५०० पौंड गवताला अडीच रुपये. आकडे खरेच महत्त्वाचे आहेत. पण क्रम उलटा लावला की घटना कळत नाही. दराबद्दल घासाघीस करायची तर आधी घासाघीस करू शकणारा माणूस लागतो. वेठीला दर नसतो. वेठ करणारा ‘परवडत नाही’ असे म्हणू शकत नाही. झरीला प्रथम तो म्हणू शकणारा माणूस उभा राहिला आणि मग त्याने भाव सांगितला. परिषदेनंतर काही आठवड्यांतच वेठ बहुतेक गावांतून उठली. त्यासाठी जमीनदारांना कलम ३७४ खाली तुरुंगात धाडावे लागले नाही. फक्त ‘नाही’ म्हटले गेले, सगळ्यांनी मिळून आणि तोंडावर.

गोदावरीबाईंनी या लढ्याची कहाणी पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली. ते १९७० साली आले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मराठीतल्या मोजक्या अव्वल आत्मकथनपर इतिहासांपैकी ते एक आहे, आणि तरीही त्याच्या शीर्षकाशी माझा थोडा वाद आहे. जागे होणे ही प्रतिमा आधीची झोप गृहीत धरते. झोपलेल्याला काही कळत नसते आणि त्याला उठवणारा कुणी तरी आधीच जागा असतो. विसाव्या शतकातल्या सगळ्याच पुरोगामी चळवळींनी ‘जागृती’ हा शब्द इतका वापरला की त्यातली ही दोन गृहीते आपल्याला दिसेनाशी झाली. खुद्द बाईंच्या पुस्तकातले वारली मात्र झोपलेले वाटत नाहीत. ते धूर्त आहेत, सावध आहेत, आलेल्या नव्या माणसाला आधी जोखून पाहणारे आहेत, मालकाचा स्वभाव नखशिखान्त ओळखून असणारे आहेत. डोळे त्यांचे उघडेच होते. बंद होते ते तोंड, आणि ते बंद ठेवणे हा शहाणपणा होता, कारण एकट्याने उघडले तर काय होते हे त्यांनी पाहिलेले होते. योहानाच्या शुभवर्तमानात महायाजकापुढे उभा असलेला येशू सांगतो की मी जे बोललो ते जगापुढे उघड बोललो, गुप्तपणे काही नाही. मूळ शब्द इथेही पारेसियाच. त्यावर महायाजक काही बोलायच्या आतच बाजूला उभा असलेला एक शिपाई येशूच्या थोबाडीत मारतो आणि महायाजकाला असे उत्तर देतोस का म्हणून दरडावतो. थप्पड मारणारा हा नेहमी धनी नसतो, धन्याचा माणूस असतो. डहाणूच्या जमीनदारांकडेही असे कारभारी होते. त्या थपडेचा हिशेब ठेवणाऱ्याला झोपलेला म्हणणे मला पटत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ येईल: मग गोदावरी परुळेकर नसत्या तर हे घडले असते का? पुण्याच्या गोखले घराण्यात जन्मलेली, कायद्याची पदवी घेतलेली, भारत सेवक समाजाची आजीव सदस्य झालेली बाई आणि १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई विधानसभेत निवडून गेलेला तिचा नवरा, यांनी वारल्यांच्या तोंडी शब्द घातले, असे जमीनदार तेव्हा म्हणत होते आणि सरकारही. आक्षेपात तथ्य आहे. झरीचे ठराव ज्या साच्यात बसले तो किसान सभेचा साचा होता; लाल बावटा बाहेरून आला होता. १० ऑक्टोबर १९४५ च्या घटनेने तर वारल्यांचे बाईंवरचे अवलंबन किती होते हेच दिसले. बाई सभेला येणार आहेत आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी अफवा पसरवली गेली, आणि तेवढ्यावर हजारो माणसे तलवाड्याला जमली. पण कालक्रम विसरता येत नाही. टिटवाळ्याला माह्या धांगडा बोलला तो बाई त्याच्या पाड्यावर जाण्याच्या आधी. बाई गेल्या त्या त्याच्या बोलण्यामुळे. आणि सरकारने परुळेकर पतिपत्नींना ठाणे जिल्ह्यातून हद्दपार केले तेव्हा शब्द परत गेले नाहीत. १९४६ साली गवताचे आणि जंगलतोडीचे संप पुन्हा झाले, नेते जिल्ह्याबाहेर असतानाही टिकले. पेत्र-योहानांबद्दल धर्मसभेने जे ताडले ते इथेही लागू पडते: कुणाच्या तरी सोबतीने ते बोलू लागले होते. सोबत मिळाली म्हणून बोल उसना ठरत नाही. पारेसिया एकट्याने अंगी बाणवायची गोष्ट असती तर अथेन्सला नगराची आणि यरुशलेमच्या मंडळीला एकमेकांची गरज पडली नसती.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तलवाड्याला जमलेल्यांच्या हातात काठ्या, कोयते होते. संप मोडणाऱ्यांवर दबाव येत होता, जमीनदार गावे सोडून जात होते. हे बोलणे कसले, ही तर जरब. सॉक्रेटिसची पारेसिया निःशस्त्र होती, पेत्राचीही. आक्षेप घेणाऱ्याला मी एवढे मान्य करीन की जमावाचा आवाज आणि माणसाचा बोल यांत फरक असतो, आणि १९४५–४७ च्या लढ्यात दोन्ही होते. पण तलवाड्याला त्या दिवशी काय झाले ते पाहावे. अफवा ऐकून माणसे आली, दंग्याचे निमित्त सांगून पोलीस बोलावले गेले, गोळीबार झाला आणि तो दुसऱ्या दिवशीही चालला. जेठ्या गांगड पहिला पडला. पाच आदिवासी मेले. हत्यारे हाती असून जमावाने चाल केली नाही, बाईंची वाट पाहत तो बसून राहिला. जरबेचा आरोप ज्यांच्यावर होता तेच मेले. या भागात १० ऑक्टोबर हा दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळतात. शिवाय दंडुक्याच्या बळावर वेठ सुटली असती तर ती दंडुका खाली येताच परत आली असती. शामरावांनी १९४७ मध्ये या उठावावर पुस्तिका लिहिली तेव्हा लढा दडपला गेलेला होता, आणि वेठ परतलेली नव्हती.

तिसरा आक्षेप शब्दाच्याच बाबतीत. कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखाली झालेल्या, देवाचे नावही न घेता लढल्या गेलेल्या लढ्याला ख्रिस्ती धर्मग्रंथातला शब्द कशाला चिकटवायचा? त्यातून या तालुक्यांत धर्मांतराचा वाद जुना आहे. डहाणूत अमेरिकन ‘चर्च ऑफ द ब्रदरन’चे मिशन विसाव्या शतकाच्या आरंभापासून होते, त्याचे इस्पितळ गावाला परिचित आहे; तलासरीत जेझुइटांचे मिशन, शाळा आणि वसतिगृहे आहेत. शंका रास्त आहे. पण वर पाहिले तसे, हा शब्द ख्रिस्ती मंडळीने अथेन्सकडून आणि यहुद्यांकडून घेतलेला आहे. तिची ती मिरास नव्हे. आणि इतिहासाचा न्याय असा की ज्यांच्या ग्रंथात तो ३१ वेळा छापलेला होता त्यांच्या प्रार्थनामंदिरांतून वेठीविरुद्धची चळवळ उठली नाही, ती लाल बावट्याखाली उठली. मिशनने दवाखाने आणि शाळा दिल्या, त्याचे मोल कमी नाही. तरी वेठ सुटण्याचे श्रेय त्याच्याकडे जात नाही. पुढच्या पिढीत मात्र एक उपकथा घडली. १९७८ साली डहाणूत ‘कष्टकरी संघटना’ सुरू झाली. तिच्या संस्थापकांतले प्रदीप प्रभू आधी जेझुइट धर्मगुरू होते, त्यांचे तेव्हाचे नाव पीटर डिमेलो; जेझुइट संघ सोडून ते आदिवासींच्या जमिनी, मजुरी आणि जंगलहक्काच्या कामात पडले. त्यांनी बायबलचा कोणता अध्याय मनात धरला होता ते सांगण्याचा मला अधिकार नाही. पण धर्मपीठाच्या आत राहून न बोलता येणारे काही त्यांना बाहेर पडून बोलावेसे वाटले, एवढे त्यांच्या आयुष्यावरून दिसते.

कष्टकरी संघटनेच्या इतिहासात एक कडू प्रकरणही आहे, आणि माझ्या म्हणण्याची खरी कसोटी तिथेच लागते. ज्या पक्षाने झरीला वारल्यांना बोलते केले त्याच्या वारसांना ही नवी संघटना रुचली नाही. डहाणू-तलासरीत दोहोंचे तीव्र वैर झाले, मारामाऱ्या झाल्या, एकमेकांवर वाटेल ते आरोप झाले. अथेन्सचा नागरिक आपली पारेसिया जपत होता आणि गुलामाला ती देत नव्हता. इथेही बोलण्याचा हक्क मिळवलेल्यांना तो दुसऱ्याने आपल्याविरुद्ध वापरलेला सोसला नाही. इब्री लोकांस पत्राच्या दहाव्या अध्यायात लेखक वाचकांना सांगतो की तुम्ही मालमत्तेची लूट आनंदाने सोसलीत, आता तुमची पारेसिया टाकून देऊ नका. म्हणजे ती टाकून देता येते. लूट सोसून टिकलेली पारेसिया पुढे सुखाच्या दिवसांत हातची जाऊ शकते, हे त्या लेखकाला दिसत असावे. तलासरीत वर्षानुवर्षे एका बावट्याची सत्ता राहिली, डहाणूतून आजही त्याचे आमदार निवडून येतात; पण पाड्यावरचा माणूस आपल्याच पुढाऱ्याला तोंड वर करून किती विचारतो, हे मतांच्या आकड्यांवरून समजत नाही.

कायद्याने मात्र या इतिहासातून एक गोष्ट उशिरा का होईना उचलली. जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीपाशी कागद नसतो. कागद नेहमी वनखात्यापाशी असतो. प्रदीप प्रभूंनी सर्वोच्च न्यायालयात १९८६ साली केलेल्या याचिकेवर १९९१ मध्ये आदेश झाला आणि अशा दाव्यांची चौकशी करण्याचे बंधन राज्य सरकारवर आले. २००६ साली वनहक्क कायदा झाला. त्याच्या नियमांतल्या १३ व्या नियमात पुराव्यांची यादी आहे; तिथे सरकारी नोंदी, नकाशे, दंडाच्या पावत्या यांच्या जोडीने एक पुरावा सांगितला आहे तो म्हणजे दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे लिहून घेतलेले निवेदन. गावातली म्हातारी माणसे ग्रामसभेपुढे बसून ‘ही जमीन हा, याचा बाप, त्याचा बाप कसत आला’ असे सांगतात तेव्हा ते बोलणे कायद्याच्या दृष्टीने पुरावा असते. १८६० च्या कलमाला जो फिर्यादी मिळत नव्हता तोच इथे साक्षीदार म्हणून बोलावलेला आहे. आता अडचण दुसऱ्या टोकाला आहे. दावे फेटाळले जातात तेव्हा ‘सबळ पुरावा नाही’ असा शेरा येतो, आणि सबळ म्हणजे कागद असे वरच्या समितीने मनाशी धरलेले असते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात आदिवासी बहुसंख्य होते आणि वनहक्काचे दावे निकाली काढा ही त्यांची मुख्य मागणी होती. नियमाने मान्य केलेली साक्ष उपविभागीय आणि जिल्हा पातळीवरच्या समित्यांनीही मान्य करावी, याचसाठी पालघरमधल्या ग्रामसभा अजून अपिले करीत आहेत.